गुड मॉर्निंग पथकाने नेमकं काय साधलं?

बांधावरची:
हागणदारीमुक्तीचं श्रेय पथकांना दिलं जातं, म्हणून लिहिते. 2016 साली आमच्या गावात उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पकडायला पहाटे साडेचारला पथक यायचं. शिट्ट्या, बॅटरीचा झोत, हातात गुलाबाचं फूल आणि फोटो. माझी साठीची चुलती धड उठूही शकेना, बसूही शकेना, तशात तिचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. संडासाचं अनुदान बारा हजार, पण तो बांधून झाल्यावर मिळणार. आधी घालायला तिच्याकडे पैसे कुठले? त्या दिवसापासून ती भजनाला जायची बंद झाली.

निवृत्त ग्रामसेवक:
ताई, चुलतींच्या बाबतीत झालं ते चूकच. पण 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हापासून मी सभा घेतल्या, भिंती रंगवल्या. दारात ट्रॅक्टर, संडासात सरपण भरलेलं आणि मालक टमरेल घेऊन ओढ्याला! असा माणूस हात जोडून हलत नाही, चारचौघांत लाज वाटली तरच हलतो. पावसाळ्यात ती घाण विहिरीत उतरून पोरांना जुलाब लागायचे, त्यांचं काय? गाडगेबाबाही कीर्तनात लोकांना फैलावर घ्यायचेच.

आशा सेविका:
बाबा आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे. झाडणाऱ्याचं बोलणं माणूस ऐकून घेतो. पथकाच्या धास्तीने आमच्या वस्तीवरच्या बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या, अंधार पडेपर्यंत कळ काढायच्या. लघवीची जळजळ, ताप घेऊन माझ्याकडे यायच्या, आणि कारण सांगायलाही लाजायच्या. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याला नोटीस द्या, दंड करा, माझी ना नाही. पण पथक त्याच्या वाटेला कधी गेलंच नाही. सापडायच्या त्या बिनजमिनीच्या घरातल्या बायका.

निवृत्त ग्रामसेवक:
गावात वशिलेबाजी चालते, नाकारत नाही. तरीही पथकं नसती तर 2018 च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला नसता.

बांधावरची:
काका, त्या एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर आठवड्याने येत होता. पिण्याच्या पाण्यातून संडासात बादली ओतायला जीव धजत नव्हता. चुलतीचा संडास उभा राहिला तो बचत गटाने आधी पैसे उसने दिले म्हणून. तिचा फोटो मात्र अजून लोकांच्या मोबाइलमध्ये आहे. तुमच्या पथकाने काढलेले फोटो तुम्ही पुसलेत का?