बडोद्यात वस्तीतल्या मुलींसाठी मेंटर व्हायचंय, संस्था कशी निवडावी? (सल्ला हवा)

कारेलीबागवाली
नमस्कार मंडळी. सरकारी बँकेतून निवृत्त झाले आहे. मुलगा-सून परगावी, गुडघे अजून साथ देतात आणि दुपार रिकामी असते. भिशी आणि भजनी मंडळ झालं तरी वेळ उरतोच.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी नववीत आहे. मावशी मूळच्या नंदुरबारकडच्या. घरी अहिराणी, शाळेत गुजराती, माझ्याशी मराठी, आणि तिन्ही भाषांत पोरगी चुरूचुरू बोलते. दहावीनंतर काय करणार विचारलं तर म्हणाली, "अकरावी." त्यानंतर? "बारावी." मग? खांदे उडवले. आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग यातलं एकही नाव तिच्या कानावर पडलेलं नव्हतं. अशा मुलींसाठी काही करावं असं तेव्हापासून डोक्यात आहे, पण एकटीने घरोघर जाण्यापेक्षा संस्थेतून करावं असं वाटतं.

एका संस्थेत जाऊन आले. नाव लिहीत नाही. पहिल्याच भेटीत टी-शर्ट हातात दिला, बॅनरपाशी मुलींबरोबर उभं करून फोटो काढला आणि महिलादिनाला या म्हणाले. मुलींची नावंसुद्धा मला कोणी सांगितली नाहीत.

दुसऱ्या एका पत्रकात 'मेंटरशिप आणि अ‍ॅडव्होकसी' असं लिहिलंय. पहिलं, म्हणजे मुलीला सोबत आणि मार्गदर्शन, साधारण कळतं. दुसऱ्यात माझ्यासारखीने काय करायचं? मोर्चात जायचं? जाणकारांनी सांगावं. गुजराती बोलता येतं, लिहिताना अडखळते.

दांडियाबझारकर
काकू, फार चांगला विचार. आपल्या गावाला याची परंपराच आहे. सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. महाराणी चिमणाबाई १९२७ च्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा. त्यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ पासूनचं. तिथे चौकशी करून बघा, शिवण वगैरेचे वर्ग असतात.

फील्डवरची
दांडियाबझारकर, परंपरा मान्य. पण आज मुलगी गळते ती आठवीनंतर. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरताच आहे, पुढची सगळी भिस्त घरच्यांच्या मर्जीवर. काकूंना शिवणाचा वर्ग नकोय, नववी-दहावीच्या मुलीला हात द्यायचाय.

काकू, मी बरीच वर्षं किशोरींबरोबर काम करते, त्यामुळे थोडं लांबवर लिहिते. आधी तुमचा दुसरा प्रश्न.

अ‍ॅडव्होकसी म्हणजे मोर्चाच असं नाही. आम्ही साधा शब्द वापरतो, पाठपुरावा. उदाहरण देते, आणि ते तुमच्याच खात्यातलं आहे. गुजरातची नमो लक्ष्मी योजना, २०२४ पासूनची. सरकारी आणि ग्रँटेड (अनुदानित) शाळेतल्या मुलींना नववी-दहावीत महिना ५०० रुपये वर्षाचे दहा महिने, अकरावी-बारावीत महिना ७५०. दहावी पास झाल्यावर १०,००० आणि बारावी पास झाल्यावर १५,०००. चार वर्षांचे मिळून ५०,०००. शाळेतली हजेरी ८० टक्के लागते. पैसे येतात आईच्या खात्यात.

आता वस्तीत काय होतं बघा. शाळेच्या नोंदीत आईचं नाव 'सुनीताबेन', आधारवर नुसतं 'सुनीता'. इथे प्रत्येक नावामागे बेन लावायची सवय, कारकुनाने लावून टाकलं. किंवा खातं जनधनचं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय. किंवा मोबाइलच्या दुकानात कोणीतरी अंगठा घेऊन दुसरंच खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडला गेला. मग पैसे जमा होतात, पण ज्या खात्यात होतात त्याचं पासबुकच घरात नाही. आई म्हणते सरकार फसवतं, शाळा म्हणते आम्ही फॉर्म भरला, बँक म्हणते सोमवारी या. यात मुलीचं शिक्षण लगेच थांबतं असं नाही, पण "शाळेत जाऊन काय मिळतं" या बापाच्या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर उरत नाही.

तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय. आधार कुठल्या खात्याला जोडलाय ते कसं बघायचं, केवायसीला कोणता कागद चालतो, शाखेत कोणाशी बोलायचं, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. आमच्या पंचविशीतल्या कार्यकर्तीला काउंटरवरून हाकलतात, तुम्हाला खुर्ची देतील. दहा आयांची खाती एकाच कारणाने अडली असतील तर तो अर्ज एकेकीचा न करता दहाजणींच्या सह्यांनी शाळेकडे आणि जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे जातो. तिथून पुढे ती अ‍ॅडव्होकसी.

आता मेंटरशिप. एकच अट आधी स्वतःला घाला: किमान एक शैक्षणिक वर्ष, ठरल्या वारी. अमेरिकेत ग्रॉसमन आणि र्‍होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि ज्या पहिल्या तीन महिन्यांतच तुटल्या त्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास उलट खाली आला. तिकडचा अभ्यास असला तरी इथे मी हेच पाहते. मुलगी जीव लावते आणि ताई दिवाळीनंतर येतच नाही. यापेक्षा न आलेली बरी. तुमचा नातू व्हायचा असेल आणि सहा महिने परदेशी जायचं असेल, तर आताच सांगून ठेवा.

संस्थेला काय विचारायचं? मेंटरची पोलीस पडताळणी करता का, आणि करत नसतील तर उठून या. मुलीला भेटायचं कुठे? उत्तर शाळा, बालवाडी, वाचनालय, चारजणांच्या नजरेतली जागा असंच हवं. मेंटरच्या घरी नाही. फोटोला मुलीची आणि पालकांची संमती कशी घेता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलीने काही वाईट सांगितलं तर मी कोणाला फोन करायचा? त्या माणसाचं नाव त्यांना लगेच सांगता आलं पाहिजे.

यावर एक तळटीप नाही, मुख्य टीप. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालासुद्धा. म्हणून "मला सांग, मी कोणाला सांगणार नाही" हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. त्याऐवजी "मी तुला विचारल्याशिवाय चारचौघांत बोलणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत आणावी लागेल" असं पहिल्याच महिन्यात सांगून मोकळं व्हायचं. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि १८१ (अभयम, महिलांसाठीची) हे दोन नंबर तुमच्याकडे आणि तिच्याकडेही असू द्या.

नावं हवीत म्हणून: 'सहज' ही आरोग्याच्या हक्कांवर काम करणारी १९८४ पासूनची इथली संस्था आहे, किशोरींबरोबरही त्यांचं काम आहे. 'ओळख' ही स्त्रीवादी संस्था. दोन्हीकडे फोन करून आज स्वयंसेवक घेतात का ते विचारा. आणि फत्तेगंजला एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीत जाऊन या. त्यांचे विद्यार्थी फील्डवर्कसाठी शहरातल्या संस्थांत जातात. कुठली संस्था खरोखर वस्तीत असते आणि कुठली फक्त बॅनरवर, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हिशेबनीस
वरच्या प्रतिसादाला +१. माझी भर पैशांपुरती. ट्रस्ट चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेला आहे का, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट दाखवतात का, ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता) आहे का. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर नाव शोधा. मात्र तिथे नाव असणं म्हणजे काम चांगलं असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. आणि पहिलं वर्ष देणगी देऊ नका, वेळच द्या. पैसे दिले की तुम्ही 'डोनर' होता आणि मग खरं कोणी सांगत नाही.

मांडवीचा_मी
पुरुषांनी यात काय करावं? मी डिप्लोमा इंजिनियर, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे. मुलींना टेक्निकल लाइनची माहिती देऊ शकतो.

फील्डवरची
@मांडवीचा_मी, गटाला माहिती द्यायला जरूर या, संस्थेची बाई हजर असताना. आयटीआय झालेली एखादी मुलगी तुमच्या कारखान्यात मशीनवर असेल तर तिला बरोबर आणा, तुमच्यापेक्षा तिचं ऐकतील. एकट्या मुलीला एकटा पुरुष मेंटर हे आम्ही करत नाही, हेतू कितीही चांगला असो. भाऊ आणि बाप यांच्याशी बोलायला मात्र माणसं कमी पडतात. रात्री आठनंतर, कामावरून आल्यावर. ते जमेल?

मांडवीचा_मी
शिफ्ट बघून सांगतो. पण हो.

नवापुऱ्याची_नर्स
हा धागा वाचून लिहायलाच हवं असं वाटलं. मी त्या बाजूची आहे, म्हणजे जिच्याकडे ताई यायच्या ती.

आमच्या ताई दर शनिवारी बालवाडीत बसायच्या. आम्ही सहा-सात जणी. भाषण त्यांनी कधी दिलं नाही, खरं तर त्या जरा रागीटच होत्या. अभ्यासाची वही नाही आणली की बोलायच्याच नाहीत. मला नर्सिंगचं डोक्यात आलं तेव्हा त्यांनी माहितीपत्रक आणून दिलं नाही. म्हणाल्या, चल, बघून येऊ. बसने सयाजी हॉस्पिटलला गेलो, तिथलं नर्सिंग कॉलेज बघायला. खिडकीपाशी गेल्यावर ताई चार पावलं मागे थांबल्या. मी मागे वळून बघितलं तर त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. खोटंच. मलाच विचारावं लागलं. आवाज इतका बारीक आला की कारकून म्हणाला, "शुं?" दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं. फॉर्म कधी निघतो, बारावीला कोणते विषय लागतात, हॉस्टेल मिळतं का. घरी जाताना ताईंनी एवढंच विचारलं की तारीख लिहून घेतलीस का.

बारावीत असताना घरात स्थळ आलं. मी सतरा वर्षांची. ताई घरी येऊन आईपाशी बसल्या, चहा प्यायल्या, कायद्याचं नावही काढलं नाही. आईला हॉस्टेलची काळजी होती, पोरगी एकटी कशी राहील ही. ताईंनी आईलाही हॉस्टेल बघायला नेलं. वडिलांशी संस्थेतल्या दुसऱ्या बाई बोलल्या आणि त्यांनी मात्र २००६ चा बालविवाहाचा कायदा नीट समजावला, लावून देणाऱ्यालाही शिक्षा होते हे सांगितलं. दोघींनी कामं वाटून घेतली होती हे मला फार नंतर कळलं. एकाच बाईने चहाही प्यायचा आणि धाकही दाखवायचा, तर आईने पुन्हा दार उघडलं नसतं.

काकू, तुम्ही रागीट असाल तरी चालेल. शनिवार चुकवू नका.

दांडियाबझारकर
वा. माझी बहीण वस्तीतली नव्हती, तरी तिला कोणी कॉलेजची खिडकी दाखवली नाही. बारावीनंतर सरळ मांडव.

पुण्याची_भाची
मूळची बडोद्याची, आता पुण्यात आयटीमध्ये. शनिवारीसुद्धा कॉल असतात, वस्तीत जाणं जमत नाही. ऑनलाइन काही?

हिशेबनीस
'मेंटर टुगेदर' बघ, बंगळुरूची संस्था, २००९ पासूनची. कॉलेजच्या मुलामुलींना अ‍ॅपवरून मेंटर जोडून देतात. इंजिनियरिंगच्या मुलींसाठी 'कॅटॅलिस्ट' आहे. नववीतल्या मुलीसाठी ऑनलाइन मला तितकंसं पटत नाही. घरात फोन एक, तोही भावाच्या खिशात.

कारेलीबागवाली
सगळ्यांचे आभार, विशेषतः नवापुऱ्याची_नर्स, तुझे. वाचून दाखवलं तर आमचे हे म्हणाले, रागीटपणाची अट तू आधीच पूर्ण केलीस.

सोशल वर्क फॅकल्टीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी दोन संस्थांची नावं सांगितली. एकीकडे भेटले. फोटो काढला नाही. उलट आधार कार्डाची प्रत, दोन ओळखीच्यांचे नंबर आणि पोलीस पडताळणीचा फॉर्म हातात ठेवला. जरा रागच आला आधी, मी बँकेत इतकी वर्षं हेच लोकांना करायला लावलंय हे आठवेपर्यंत. गुरुवार ठरला आहे, दुपारच्या शाळेच्या आधी. मार्चपर्यंत कुठे जाणार नाही असं मुलालाही कळवून टाकलं.

एक प्रश्न उरला. सोसायटीतल्या मावशींच्या मुलीला याच गटात आणावं का? तिची आई आमच्याच इमारतीत काम करते, म्हणून विचारते.

फील्डवरची
तिला गटात आणा, पण तिची मेंटर तुम्ही होऊ नका, दुसरीला द्या. आई तुमच्या इमारतीत भांडी घासते तोवर पोर तुम्हाला 'नाही' म्हणू शकणार नाही. गुरुवारी कंटाळा आला, तुमचं सांगणं पटलं नाही, घरात काही झालं, यातलं काहीच ती तुमच्यापाशी बोलणार नाही. मावशींनाही तसंच होईल, कामाचं आणि उपकाराचं एकात एक अडकेल. त्यांचं पासबुक मात्र तुम्ही बघा. नमो लक्ष्मीचा हप्ता आलाय का आणि आधार कुठल्या खात्याला जोडलाय, एवढं या आठवड्यातच.

कारेलीबागवाली
पटलं. पासबुक आजच मागवते.