मदत हवी आहे: रिझर्व्ह बँकेचं जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलंय

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या ट्रंकेत भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखाली रिझर्व्ह बँकेचं शेअर सर्टिफिकेट निघालं. १०० रुपयांचे पाच शेअर, मुंबई रजिस्टरवर नोंदलेले. घडीवर कागद विरत चाललाय.

१ एप्रिल १९३५ ला ही बँक सुरू झाली तीच मुळी भागधारकांच्या ५ कोटींच्या भांडवलावर, हे बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मामांनाही ठाऊक नव्हतं. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि चक्क रंगून अशी पाच रजिस्टरं होती (ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोडायचा). पाच शेअरमागे एक मत, आणि शेअर कितीही असोत, दहापेक्षा जास्त मतं नाहीत. म्हणजे आजोबांचं बरोब्बर एक! मंडळावर आठ संचालक भागधारकांनी निवडलेले असायचे खरे, पण गव्हर्नर नेमणार सरकार आणि लाभांशालाही कायद्याचीच मर्यादा. मला तरी हे भागधारक मालक कमी आणि लग्नातले मानकरी जास्त वाटतात.

१ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण झालं. गव्हर्नर तेव्हा आपले चिंतामणराव देशमुख. शेअरमागे ११८ रुपये १० आणे मोबदला ठरला होता, त्या हिशेबाने आजोबांचे ५९३ रुपये २ आणे होतात. घरच्या वह्यांत ही रक्कम कुठेच जमा दिसत नाही.

तर जाणकारांना विचारायचंय: मोबदला घेताना मूळ सर्टिफिकेट परत द्यावं लागे का? लागत असेल, तर हे घरात राहिलं कसं? पुण्याला रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार आहे, तिथे भागधारकांच्या जुन्या नोंदी कुणी पाहिल्यात का? जरा घाई आहे, कारण धाकटे काका ‘आज याचे कोटी होतील’ म्हणत लॅमिनेशनवाल्याकडे निघालेत.

प्रतिसाद

आधी काकांना आवरा! एकदा लॅमिनेट केलं की प्लॅस्टिक निघत नाही, कागद कायमचा गेला समजा. सेलोटेपही लावू नका. कोटींचं म्हणाल तर १९४८ च्या कायद्याने सगळे शेअर केंद्र सरकारकडे गेले. मालकीहक्क म्हणून त्या कागदाला आता काही अर्थ नाही. जुनी सर्टिफिकेटं जमवणारे हौशी लोक थोडेफार पैसे देतात, तेवढंच.

पुण्याला थेट जाऊन थडकू नका. सर्टिफिकेटचा नंबर, आजोबांचं नाव आणि रजिस्टर लिहून आधी पत्राने विचारा. आणि मागची बाजू पाहिलीत का? शेअर मधेच दुसऱ्या कुणाच्या नावावर झाले असतील, तर तशी नोंद तिथे असू शकते. तसं असेल तर वह्यांत मोबदला का नाही, याचंही उत्तर मिळेल.

धागाकर्ता

काकांना थोपवलंय, तूर्त तरी. मागे जांभळ्या शाईचा शिक्का आहे, त्याखाली कुणाची तरी इंग्रजी सही. नाव लागत नाहीये. उद्या उजेडात फोटो काढून इथेच टाकतो.