धाकटा भाऊ दोन वर्षांसाठी मॉर्मन मिशनरी म्हणून जाणार आहे : त्याचा दिवस कसा असेल?

बोरीकाठ (अमळनेर) :

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ हैदराबादला अभियांत्रिकी शिकत असताना तिथल्या 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या चर्चमध्ये जाऊ लागला आणि वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला. लोक या चर्चला मॉर्मन म्हणतात. घरी त्याने हे लपवले नाही. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि आबांसमोर बसून त्याने सगळे सांगितले. आबा दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले. आता पदवी हाती आली आहे आणि तो म्हणतो की नोकरीला लागण्याआधी दोन वर्षे मिशनरी म्हणून जायचे आहे, कुठे जायचे हे चर्च ठरवणार आणि पगार काही मिळणार नाही.

त्याच्या श्रद्धेवर वाद घालण्यासाठी मी हा प्रश्न विचारत नाही. आईचे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरे माझ्याकडे नाहीत. तो सकाळी कधी उठेल, काय खाईल, कोणाबरोबर राहील, आजारी पडला तर कोण बघेल, फोन करता येईल का? मला स्वतःला आणखी एक विचारायचे आहे. ज्यांनी ही दोन वर्षे काढली आहेत, त्यांच्या हाती शेवटी काय राहिले? खानदेशातील कोणी या वाटेने गेलेले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठचा (भुसावळ) :

ताई, मी स्वतः बंगळुरू मिशनमध्ये (मिशन म्हणजे चर्चच्या मिशनरी सेवेचा एक विभाग, त्यात अनेक गावे येतात) दोन वर्षे पूर्ण करून आलो आहे, त्यामुळे ऐकीव काही न सांगता जगलेले तेवढेच लिहितो.

थोडी पार्श्वभूमी आधी देतो, म्हणजे आबांना सांगायला सोपे जाईल. हे चर्च १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केले आणि आज त्याचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत आहे. भारतातील पहिले स्वतंत्र मिशन १९९३ साली बंगळुरूला सुरू झाले. 'मॉर्मन' हे लोकांनी दिलेले टोपणनाव आहे आणि २०१८ साली चर्चच्या अध्यक्षांनी ते न वापरता पूर्ण नाव वापरण्याचे आवाहन केले, म्हणून आपला भाऊ स्वतःला कदाचित मॉर्मन म्हणवून घेणार नाही. मुलांसाठी ही सेवा २४ महिन्यांची आणि मुलींसाठी १८ महिन्यांची असते. कुठे जायचे हे सॉल्ट लेक सिटीहून येणाऱ्या पत्रात कळते. त्या पत्राला 'कॉल' म्हणतात आणि त्यात आपली निवड चालत नाही.

आता दिवसाविषयी. सकाळी साडेसहाला उठणे, प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ आणि नाश्ता. आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथांचे वाचन, त्यानंतर जोडीदाराबरोबर अभ्यास, आणि भाषा नवी असेल तर तिचाही अभ्यास. मग पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून बाहेर पडायचे. त्या पट्टीवर पहिले नाव नसते, आडनावाआधी फक्त 'एल्डर' ही मुलगे मिशनरींची पदवी असते. दिवसभर लोकांच्या भेटी, चर्चच्या सभासदांच्या घरी जाणे, कोणाला इंग्रजी शिकवणे, कोणाचे सामान हलवायला मदत करणे, आणि पुष्कळसा वेळ बसची वाट पाहणे. रात्री साडेनऊच्या सुमारास खोलीवर परत, दुसऱ्या दिवसाचे नियोजन, आणि साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कपडे धुणे, बाजार आणि घरी पत्र लिहिणे यासाठी मोकळा मिळतो. आईला हे जरूर सांगा की फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्यापूर्वी आठवड्याला ईमेल आणि वर्षाला दोन फोन एवढीच मुभा होती.

पगार नसतो हे खरे आहे. खर्च मिशनरी आणि त्याचे कुटुंब उचलते, आणि ज्यांना पूर्ण झेपत नाही त्यांना चर्चची मदत मिळते. मी जाण्याआधी १४ महिने एका गोदामात हिशेब लिहून पैसे साठवले होते. स्वतःच्या कमाईतून गेल्यामुळे एकेक दिवस मोलाचा वाटला, म्हणून आपल्या भावानेही काही रक्कम स्वतः उभी करावी असे मला मनापासून वाटते.

चहाचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी येईल. या चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे. खानदेशात कोणाच्या घरी जाऊन चहा नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान केल्यासारखे आहे हे मी लहानपणापासून जाणत होतो, आणि कोइमतूरला गेल्यावर तोच प्रसंग फिल्टर कॉफीच्या रूपाने रोज समोर उभा राहिला. पहिल्या महिन्यात मी 'आम्हाला चालत नाही' असे म्हणून टाकत असे आणि समोरच्या बाईंचा चेहरा उतरलेला पाहत असे. मग एका वयस्कर सभासदाने मला शिकवले की आत शिरताच, पातेले चुलीवर चढण्यापूर्वी, आपणच पाणी किंवा ताक मागून घ्यावे. आपण मागितले की घरच्या माणसाला दिल्याचे समाधान मिळते. आजही पारोळ्याला मावशीकडे गेलो की उंबरठ्यावरूनच ताक मागतो.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र जोडीदार ही आहे. ताई, आपल्या भावाला चोवीस तास एका अशा मुलाबरोबर राहावे लागेल ज्याला त्याने निवडलेले नाही. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे असा नियम आहे, आणि दर सहा आठवड्यांनी बदलीची शक्यता असते, म्हणजे कोण किती काळ सोबत राहील हेही आपल्या हाती नसते. माझा दुसरा जोडीदार विशाखापट्टणमचा होता. तो तिन्ही त्रिकाळ भात खायचा आणि मी घरून मागवलेल्या कळण्याच्या पिठाची भाकरी थापायचो. पण भांडण जेवणावरून झाले नाही. मी वाचायला बसलो की तो गुणगुणत असे, आणि मी त्याला तसे सांगण्याऐवजी बोलणेच बंद केले. ११ दिवस आम्ही एकाच खोलीत झोपलो, एकाच बसच्या बाकावर बसलो, लोकांना जाऊन प्रेमाविषयी सांगितले, आणि आपापसांत कामापुरते सोडून एक शब्द बोललो नाही. दर आठवड्याला दोघांनी समोरासमोर बसून मनातले बोलायचे अशी तिथे पद्धत आहे. तिला आम्ही दोनदा टाळले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू रोज सकाळी तुझा शर्ट इस्त्री करतोस आणि माझा बाजूला सारतोस. मला गावाकडे माझ्या आईने कधी असे बाजूला सारले नाही." त्याला गुणगुणण्याचे भान नव्हते आणि मला शर्टाचे. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही शर्ट इस्त्री करू लागलो आणि तो वाचनाच्या वेळी गच्चीच्या दाराशी जाऊन बसू लागला. आज माझे लग्न होऊन तीन वर्षे झाली आहेत. घरात काही खुपले की ते त्याच दिवशी बोलायचे, ही सवय मला त्या खोलीने लावली.

नकाराविषयीही लिहायला हवे. दिवसात दहा माणसे 'नको' म्हणतात आणि त्यांतील आठ सभ्यपणे म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक नकार मी प्रभूचा पराभव समजत असे आणि रात्री वहीत आकडे मांडून खिन्न होत असे. राजमहेंद्रीला गोदावरीच्या काठी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की मी माझा धर्म बदलणार नाही, पण तुम्ही येत जा. माझे घर भुसावळला आहे हे कळल्यावर ते यार्डाविषयी, इंजिनांविषयी तासभर बोलले. त्यांची मुले परदेशात होती. आम्ही पाच महिने त्यांच्याकडे जात राहिलो, त्यांच्यासाठी औषधे आणली, त्यांच्या चष्म्याची काडी बसवून आणली. ते कधी चर्चमध्ये आले नाहीत आणि आम्ही तसा आग्रहही केला नाही. त्र्यंबकेश्वराला उगम पावलेली नदी मी इतक्या दूर, इतकी रुंद झालेली, त्यांच्या ओट्यावरून पाहत असे. माणूस काय सांगतो आहे ते आपले सांगणे बाजूला ठेवून ऐकता येणे, हे मी त्या ओट्यावर शिकलो. तिथे जाईपर्यंत ते मला येत नव्हते.

दुःखाची बाजू लपवत नाही. माझी आजी मी राजमहेंद्रीला असताना गेली. अशा वेळीही मिशनरी सहसा घरी परतत नाहीत. मिशन प्रेसिडेंटनी निर्णय माझ्यावर सोडला होता आणि मी राहिलो. तो निर्णय बरोबर होता की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. आपल्या भावाने ही शक्यता जाण्यापूर्वीच आई-आबांशी स्पष्ट बोलावी, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे.

सातपुड्याची लेक (नवापूर) :

मी ख्रिस्ती आहे, पण या चर्चची नाही. आमचे कुटुंब पणजोबांच्या पिढीपासून प्रोटेस्टंट मंडळीत आहे आणि माझे वडील पाळक होते. ताईंच्या घरी 'ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच' अशी समजूत असण्याची शक्यता आहे, म्हणून लिहिते. या चर्चमध्ये बायबलबरोबर 'बुक ऑफ मॉर्मन' हाही पवित्र ग्रंथ मानला जातो आणि त्रैक्याविषयीची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयीची) त्यांची शिकवण आमच्यापेक्षा वेगळी आहे. कॅथलिक चर्चने तर २००१ साली त्यांचा बाप्तिस्मा वैध मानत नसल्याचे जाहीर केले. त्यांचे आणि आमचे मतभेद खरे आहेत आणि ते झाकण्यात मला सचोटी वाटत नाही.

तरीही वरच्या भावांनी त्या वृद्ध गृहस्थांविषयी लिहिलेले वाचून मला माझे वडील आठवले. ते सायकलवर डोंगराकडच्या पाड्यांवर जायचे आणि परतल्यावर आई विचारायची की आज किती जणांनी ऐकले. ते म्हणायचे, आज मी तिघांचे ऐकले. ताई, आपल्या भावाला एकच विचारा, की ज्यांच्याकडून त्याला नकार मिळेल त्यांच्याकडे तो दुसऱ्यांदा कशासाठी जाईल? त्याच्या उत्तरावरून त्याची तयारी आपल्याला कळेल.

निवृत्त वकील (धुळे) :

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून सर्वांना आहे. मात्र १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. याखेरीज काही राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. मुलाची नेमणूक ज्या राज्यात होईल तेथील कायदा त्याने स्वतः वाचावा, आणि आमिष वा दडपण यांची सावलीही आपल्या बोलण्यावर पडू देऊ नये.

दुसरे व्यावहारिक. नोकरीचा प्रस्ताव हाती असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलल्याचे लेखी घ्यावे, आणि आरोग्यविमा चालू ठेवावा.

बोरीकाठ (अमळनेर) :

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल रात्री ओट्यावर बसून हे सगळे आईला वाचून दाखवले. शर्टाच्या इस्त्रीचा प्रसंग तिने पुन्हा वाचायला लावला. भावाला फोनवर नवापूरच्या ताईंचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला दोन दिवस दे." मला ते उत्तर आवडले.

आता आईने एक प्रश्न विचारला आहे आणि तो भुसावळच्या भाऊंनाच विचारावा असे तिचे म्हणणे आहे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. भावाच्या नावाची मूठ यंदा घ्यायची की नाही? घेतली तर त्याच्या श्रद्धेचा अवमान होईल का, आणि न घेतली तर आपणच त्याला घराबाहेर काढल्यासारखे होईल का, या विचाराने तिला झोप लागत नाही.

तापीकाठचा (भुसावळ) :

ताई, माझ्या आईने दोन्ही वर्षी माझ्या नावाची मूठ घेतली आणि मला नंतर सांगितले. पहिल्या वर्षी फोनवर ते ऐकून मी जरा घुटमळलो, कारण काय म्हणावे ते सुचेना. ती म्हणाली, "तुले पूजा कर असं कोन म्हने? मूठ माले मोजाले लागस." मूठ तिची होती. ती घेण्याने माझ्या श्रद्धेला काही बाधा आल्याचे मला कधी वाटले नाही. परत आल्यावर मी पूजेला बसलो नाही, पण अंगणात सगळ्या चुलत भावांबरोबर पंगतीला बसलो आणि वाढपाचे काम मागून घेतले.

अर्थात हे माझ्या घरचे झाले. आपल्या भावाचे मन वेगळे असू शकते, म्हणून आईने त्यालाच विचारावे. आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून उपवास करतात आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी येते, तेव्हा तो रविवार महिन्याचा पहिला तर नाही ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

बोरीकाठ (अमळनेर) :

आईने आज त्याला फोन केला. तो म्हणाला, "माय, तू मोज. मी जिथे असेन तिथून त्या रविवारी फोन करता आला तर करेन, नाही तर सोमवारी नक्की." आबा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन हातात घेऊन त्याला विचारले की शर्ट किती लागतील, आणि उद्या त्याच्यासाठी पांढरे कापड घ्यायला बाजारात जायचे ठरले आहे.