रॉयल ऑपेरा हाऊस : तुमच्या आठवणी लिहा

चर्नी रोडच्या या थिएटरचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जने केलं. आधी ऑपेरा, नाटकं, मग बोलपट, १९९३ मध्ये कुलूप आणि २०१६च्या ऑक्टोबरात पुन्हा पडदा वर. तिथे जे बसलेत, ज्यांनी ते बंद पाहिलंय, त्या सगळ्यांनी लिहा.

गिरगाव
आम्ही चाळीतली पोरं पिटातलं, म्हणजे अगदी पुढच्या स्वस्त जागांचं तिकीट काढायचो. मध्यंतरात दिवे लागले की मी वर बघत बसे. छत काळवंडलेलं, पंख्यांवर जळमटं, तरीही नक्षी कळायची. नूतनीकरणानंतर नातीला घेऊन गेलो. त्या छताचे आठ भाग कवी, गायक, नाटककारांच्या सन्मानार्थ आहेत, हे मला म्हातारपणी समजलं! सोनेरी वेलबुट्टी, लाल मखमल, झुंबरं. नात खुर्चीत उलटी वळून बाल्कनी बघत होती. खरं सांगतो, डोळे भरून आले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा आणि त्यांच्या कारागिरांनी हे काम मन लावून केलंय. सिनेमाच्या काळात काढून टाकलेले रंगमंचालगतचे बसायचे बॉक्ससुद्धा पुन्हा उभारलेत.

डोंबिवली
माझी नोकरी तिथल्या हिरेबाजारात. थिएटर बंद होतं ती सगळी वर्षं मी बाहेरूनच पाहिलं. कंडक्टर रोज "ऑपेरा हाऊस" ओरडायचा, निम्मी बस उतरायची आणि त्या इमारतीकडे कुणी मान वळवून बघायचंही नाही. ती पाडणार अशीच माझी खात्री होती. तिचे मालक असलेल्या गुजरातेतल्या गोंडलच्या राजघराण्याने ती विकली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत.

दादर
तिथे समूहगायनात गायलेय. तालमीत माईक बंद ठेवून सरांनी एकीला गॅलरीत उभं केलं. माझा खर्जातला षड्ज तिला स्वच्छ ऐकू आला! गॅलरीतल्यालाही शब्द न् शब्द पोचावा अशाच बेताने ते छत बांधलंय.

परळ
वास्तू सुंदर झालीय, वादच नाही. पण पिटातला प्रेक्षक परत आला का? मागच्या वेळी एका कार्यक्रमाच्या तिकिटाचा भाव ऐकून मी आणि बायको खिडकीवरूनच परतलो. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ जिथे गायले, तिथे महिन्यातून एखादं संगीत नाटक परवडेल अशा दरात लावा. लालबाग-परळहून माणसं आणायची जबाबदारी माझी.