मदत हवी: ड्रोनवर रास्पबेरी पाय चालू केला की जीपीएस गायब, किस्मेटही मध्येच बंद

बांधावरचा
चार दिवस यातच अडकलोय. सात इंची क्वाड (चार मोटारींचा ड्रोन) आहे, त्यावर पाय (रास्पबेरी पाय, छोटा संगणक), यूएसबी वायफाय ॲडॉप्टर आणि किस्मेट, म्हणजे आसपासचं वायफाय नोंदवणारं सॉफ्टवेअर. टेबलावर सगळं व्यवस्थित चालतं. ड्रोनवर बसवून पाय चालू केला की उपग्रह १४ वरून थेट ४-५ वर, फिक्स (जागेचा ठाव) जातो. दोन-अडीच मिनिटांत किस्मेटची नोंदही थांबते. जीपीएस मॉड्यूल नवीन आणून लावलं, तरी तेच. रविवारी उडवायचंय, लवकर सांगा.

सोल्डरधूर
कुठला पाय? झीरो की फोर? ॲडॉप्टरची चिप कुठली? पायला ५ व्होल्ट कुठून दिलेत? जीपीएस फ्रेमवर चिकटवलाय की दांडीवर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बिनतारी
पाय काढूनच टाका. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा बोर्ड) लावा, वजन १० ग्रॅमच्या आसपास, करंट किरकोळ. वायफायची पाकिटं ऐकायला तेवढं बास आहे. मेमरी कार्डवर नोंद करा आणि घरी येऊन नकाशा काढा.

बांधावरचा
पाय ४, २ जीबीचा. ॲडॉप्टर ८८१२एयू चिपचा. ५ व्होल्ट फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोन सांभाळणाऱ्या बोर्डाच्या) पॅडवरून. जीपीएस वरच्या प्लेटवर, पायच्या शेजारी. ईएसपी३२ चालणार नाही, मला ५ गिगाहर्ट्झ पण बघायचंय.

सोल्डरधूर
मग दुखणं दोन जागी आहे. दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नका, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळायचं नाही.

पहिली जागा करंट. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. फ्लाइट कंट्रोलरचा ५ व्होल्ट साधारण दोन अँपिअरचा असतो (तुमच्या बोर्डाच्या माहितीपत्रकात बघा), आणि त्यातूनच रिसीव्हर आणि जीपीएसही चालतात. किस्मेट सुरू झालं, ॲडॉप्टरने ओढ घेतली, की व्होल्टेज बसतं. पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही कमांड चालवा. उत्तर ०एक्स० आलं तर सप्लाय ठीक. ०एक्स५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडून गेलंय. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणालाही कमी आहे. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही खूण उमटते.

उपाय: ड्रोनच्या बॅटरीवरून स्वतंत्र ५ व्होल्ट ५ अँपिअरचा यूबीईसी (बॅटरीचं व्होल्टेज ५ वर आणणारं सर्किट). २० गेजची वायर, लाल-काळी एकमेकींत पिळून घ्या. बॅटरीच्या टोकाला ३५ व्होल्ट १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर. पायला देताना पिन २ आणि ४ वर ५ व्होल्ट, पिन ६ वर ग्राउंड. पिनवरून दिलं तर उलट जोडणीपासून काही संरक्षण नाही, त्यामुळे पाय जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून बघा. पायला हे मिळाल्यावर फ्लाइट कंट्रोलरच्या पॅडची लाल वायर काढून टाका, दोन सप्लाय समोरासमोर नकोत.

ध्रुवतारा
करंट हे अर्धंच उत्तर आहे. उपग्रह १४ वरून ४ वर येतात ते गोंगाटानं. ८८१२एयू निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावलाय का? असेल तर तो काढून काळ्या पोर्टात घाला.

बिनतारी
यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झला येतो, जीपीएसला काय त्याचं? जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आहे.

ध्रुवतारा
यूएसबी ३ चा वेग ५ गिगाबिट. त्याचा गोंगाट एका जागी नसतो, खालपासून वरपर्यंत पसरतो. २.४ चं नाव जास्त निघतं, कारण त्रास तिथे सगळ्यांना जाणवतो. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो. इतक्या क्षीण सिग्नलच्या शेजारी दोन सेंटीमीटरवर पाय ठेवला तर काय उरणार?

जीपीएस १० ते १२ सेंटीमीटरच्या दांडीवर घ्या. त्याच्या खाली ७ बाय ७ सेंटीमीटरचा तांब्याचा पत्रा किंवा तांब्याची टेप, ग्राउंडला जोडलेली. वायर दांडीला पिळून खाली आणा, पायवरून आडवी नेऊ नका. दांडीवर घेतल्यानं कंपासही मोटारच्या वायरींपासून लांब जातो. ॲडॉप्टर ३० सेंटीमीटरच्या केबलवर, ड्रोनच्या मागच्या हाताखाली. रिसीव्हर २.४ चा असेल तर त्याचा अँटेना ॲडॉप्टरपासून दुसऱ्या टोकाला.

आणि तपासायचं असं. पंखे काढा. मोकळ्या मैदानात, डोक्यावर झाड-पत्रा नको. यू-सेंटरमध्ये (जीपीएस तपासायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक उपग्रहाचा सी/एन शून्य (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) बघा. आधी नुसता फ्लाइट कंट्रोलर, १० मिनिटं. मग पाय पॉवर बँकेवर, ॲडॉप्टर न लावता. मग ॲडॉप्टर. शेवटी किस्मेट. प्रत्येक पायरीला आकडा लिहून ठेवा. चांगले उपग्रह ४० ते ४५ वर दिसतात. ज्या पायरीला ते ३० च्या खाली येतील, ती जागा धरा. पॉवर बँकेवर पाय चालवूनही आकडा पडला तर दुखणं सप्लायचं नाही, गोंगाटाचं. हे ठरल्याशिवाय नवा जीपीएस घेण्यात पैसे घालू नका.

ऊसमळा
दादा, ड्रोन घेताय तर फवारणीचाच घ्या की. १० लिटरचा मिळतो, ऊस मोठा झाल्यावर आत शिरता येत नाही तेव्हा उपयोगी पडतो. बचत गटाला नमो ड्रोन दीदीमधून ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे.

सोल्डरधूर
ऊसमळा, विषय वायफाय मोजायचा चाललाय. फवारणीचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कागलकर
एक विचारू का, नेमकं मोजायचंय काय? आणि उडवणार कुठे?

बांधावरचा
गोकुळ शिरगावजवळ शेड आहे, मागं आमचाच ऊस. शेडपासून विहिरीपर्यंत ३०० मीटर. विहिरीवर मोटार आणि केबल, म्हणून तिथं सोलरवर कॅमेरा लावलाय. शेडमधून ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी पूल (दोन अँटेनांमधली वायफाय जोडणी). रात्री कॅमेरा बंद पडतो, सकाळी आपोआप येतो. मला शंका आहे की कुणीतरी डीऑथ (वायफायची जोडणी तोडणारा संदेश) मारून कॅमेरा पाडतंय. म्हणून वरून सगळं वायफाय नोंदवायचंय.

कागलकर
हे आधी सांगायला हवं होतं. गोकुळ शिरगावला रविवारी काय, कुठल्याच वारी उडवू नका. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ अगदी लागून आहे. डिजिटल स्कायचा (सरकारच्या ड्रोन पोर्टलचा) नकाशा उघडून शेडवर बोट ठेवा, लाल दिसेल. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर जात नाही, मग तो २५० ग्रॅमच्या आतला का असेना. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच हिरवा पट्टा मिळतो, त्याच्या बाहेर ४०० फूट. तुमचा सात इंची २५० ग्रॅमच्या वर, म्हणजे मायक्रो. हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करून यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) घ्यावा लागतो. चाचणी पन्हाळ्याच्या बाजूला कुणाच्या रानात घ्या, तेही नकाशा बघून. धावपट्टीवर विमान उतरत असताना समोर सात इंची क्वाड आला तर काय होईल, याचा विचार करा.

बांधावरचा
शेत माझं, उंची १० मीटर. त्यात कुणाला काय अडचण?

कागलकर
शेत तुमचं आहे, वरचं आकाश नाही. उंची १० मीटर असली तरी लाल तो लालच.

ध्रुवतारा
ड्रोनची गरजच नाही इथे. हाच पाय, हाच ॲडॉप्टर, पॉवर बँकेवर. ६ मीटरचा बांबू किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, टोकाला ॲडॉप्टर आणि जीपीएस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधा आणि बांधाबांधानं हळू फिरा. उसाच्या वरून मोजता येतं, वाऱ्याची भीती नाही, तासभर थांबता येतं. फक्त रस्त्यात कुठे विजेच्या तारा आहेत ते आधी चालत बघून या, आणि ॲल्युमिनियम असेल तर तारांच्या जवळपासही नको.

किस्मेटला चॅनेल फिरवत ठेवू नका. सेकंदाला ५ उड्या मारत १३ चॅनेलची एक फेरी अडीच सेकंदांवर जाते. तुमच्या राउटरचं चॅनेल धरून ठेवलं की सेकंदाला जवळपास १० बीकन (राउटर स्वतःची ओळख सांगत पाठवतो ती पाकिटं) मिळतात, नकाशा दाट येतो.

बिनतारी
डीऑथ पकडायला मात्र ईएसपी३२ च बरा. कॅमेऱ्याच्या चॅनेलवर विहिरीच्या डब्यात ठेवून द्या, डीऑथ फ्रेमची सेकंदावार मोजणी आणि वेळ लिहू द्या. एखाद-दुसरी येणं नेहमीचं, राउटर स्वतःही पाठवतो. सेकंदाला पन्नास-शंभर येत राहिल्या तर कुणीतरी मुद्दाम करतंय. कॅमेरा आणि पूल दोघं ५ वर असतील तर साधा ईएसपी३२ ऐकणार नाही, त्याला ईएसपी३२-सी५ घ्यावा लागेल. राउटरमध्ये पीएमएफ (अशा संदेशांना संरक्षण देणारी सेटिंग) ‘आवश्यक’ करून बघा, म्हणजे खोटे डीऑथ लागू पडत नाहीत. पण स्वस्त कॅमेऱ्यांना बऱ्याचदा पीएमएफ येत नाही, मग ते जोडलेच जात नाहीत.

गस्तवाला
आमच्या वस्तीवर रात्री ड्रोन येतात. ते पाडायला जॅमर कुठं मिळेल? घरी बनवता येतो का?

कागलकर
नाही. खासगी माणसानं जॅमर घेणं, बनवणं, वापरणं सगळं बेकायदा आहे. त्यानं शेजाऱ्यांचे मोबाईल आणि विमानाचा जीपीएसही बसतो. ११२ ला फोन करा, वेळ आणि दिशा लिहून ठेवा. आणि बांधावरचा, तुम्हालाही सांगतो, चाचणी म्हणून दुसऱ्याच्या नेटवर्कवर डीऑथ मारू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ आणि ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऐकणं आणि मोजणं आपल्याच चॅनेलचं ठेवा.

सोल्डरधूर
मला चोरापेक्षा वायरवर जास्त शंका आहे. कॅमेरा फक्त रात्री पडतो, म्हणजे आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागल्यावर. सोलरच्या बॅटरीपासून कॅमेरा किती लांब, आणि वायर किती एमएमची?

बांधावरचा
बॅटरी मोटारच्या खोलीत, कॅमेरा कडेच्या खांबावर. ४० मीटर. वायर अर्धा एमएम.

सोल्डरधूर
मग हिशोब बघा. अर्धा एमएमच्या तांब्याला मीटरमागे सुमारे ०.०३७ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे ३ ओहम. दिवसा कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर एका व्होल्टच्या आत घट, चालून जातं. रात्री आयआर लागून ०.९ झाला की २.७ व्होल्ट वायरमध्येच संपतात. बॅटरी १२.२ असली तर कॅमेऱ्याला ९.५. तो रीस्टार्ट होतो, आयआर पुन्हा लागतात, पुन्हा पडतो. अडीच एमएमची वायर टाकली की तीच घट अर्ध्या व्होल्टवर येते. रात्री दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या पिनेवर मल्टीमीटर धरा, बॅटरीच्या टोकाला नाही.

ऊसमळा
आमचंही विचारात घ्या. लागण कधीची आहे? आडसाली असेल तर आता बारा फूट झाला असेल. पूल लावला तेव्हा ऊस गुडघ्याएवढा असणार. पाला ओला असला की सिग्नल आणखी जातो, पहाटेच्या दहिवरात तर बघायलाच नको.

ध्रुवतारा
ऊसमळांनी बरोबर धरलं. ३०० मीटरच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या पुलाला मध्यावर दोन मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, निदान ६० टक्के, म्हणजे १.२ मीटर. ऊस ३.६ मीटर धरला तर दोन्ही अँटेना ४.८ मीटरवर हवेत, साधारण १६ फूट. सध्या किती उंचीवर आहेत?

बांधावरचा
शेडवरचा १८ फुटांवर. विहिरीकडचा ९ फुटांवर.

ध्रुवतारा
म्हणजे पूल त्या टोकाला उसातून चाललाय. खांब वाढवा. पुलाच्या पानावर सिग्नल उणे ६५ डीबीएमपेक्षा चांगला आला पाहिजे, उणे ८० च्या आसपास असेल तर व्हिडिओ तुटणारच.

बांधावरचा
काल रात्री मोजलं. दिवे लागल्यावर कॅमेऱ्याच्या पिनेवर ९.३. पुलाचा सिग्नल संध्याकाळी उणे ७८, पहाटे पाचला उणे ८४. आज अडीच एमएमची वायर आणली, ती टाकतोय. विहिरीकडच्या खांबाला १० फुटांचा जीआय पाइप वेल्ड करून घेणार.

पायचं पण केलं. वेगळा यूबीईसी, काळा पोर्ट, दांडी ११ सेंटीमीटर. पॉवर बँकेवरच्या पायरीला सी/एन शून्य ४२ वरून २९ वर आला होता, दांडीवर घेतल्यावर ३९ ला राहिला. उपग्रह आता १६. गेट_थ्रॉटल्ड ०एक्स०. पण किस्मेट अजून सहा मिनिटांनी थांबतं.

सोल्डरधूर
‘डीमेसेज’मध्ये (dmesg, सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळी काय आहेत? यूएसबी तुटल्याचं दिसतंय की ड्रायव्हर?

बांधावरचा
ड्रायव्हर. ८८१२एयू चंच नाव येतंय. परवा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केलं होतं.

सोल्डरधूर
तिथंच आहे. तुमचा ड्रायव्हर बाहेरून डीकेएमएसने (कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन) बसवलेला असेल, तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधा. सतत हे करायचं नसेल तर एमटी७६१२यू चिपचा ॲडॉप्टर घ्या, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि मॉनिटर मोड (हवेतली सगळी पाकिटं ऐकायचा) सरळ चालतो. आणि वायर बदलताना बॅटरीच्या टोकाला ३ अँपिअरचा फ्यूज घाला. अडीच एमएम आहे म्हणून तो सोडू नका, खांबावर वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी पूर्ण ताकदीनं करंट सोडते.

बांधावरचा
फ्यूज काचेचा चालेल का पात्याचा घेऊ?

सोल्डरधूर
पात्याचा. मोटारीचे पार्ट मिळतात तिथं होल्डरसकट मिळेल, झाकण असलेला घ्या, पावसात पाणी आत जायला नको.