बॅलन्स कोणत्या हार्मोनचा, ते तरी सांगा

दांडियाबाजारची सून
काल इथे रावपुरा वहिनींनी लिहिलं: "चार महिने शतावरी-अश्वगंधाची पावडर घेतली, हार्मोन बॅलन्स झाले. चाळिशीनंतर प्रत्येकीने घ्याच, डॉक्टरकडे पैसे घालवू नका." खाली बावीस जणींनी "लिंक द्या" म्हटलंय. त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली, म्हणून लांब लिहितेय.

माझ्या जाऊबाईंची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अचानक डाग दिसला. त्या अशीच एक पावडर घेत होत्या. विकणारी म्हणाली, "शरीर शुद्ध होतंय, बॅलन्स येतोय, घाबरू नका." सात महिने त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मला कळलं ते गच्चीत वाळत घातलेल्या चादरीमागे जुन्या सुती साडीचे फाडलेले तुकडे दिसले तेव्हा. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं, 14 मिलिमीटर. तपासायला तुकडा पाठवला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आज बऱ्या आहेत. पावडरीने कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही. पावडरीच्या भरवशावर सात महिने गेले, एवढंच म्हणते. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं असतं.

आणि बॅलन्स कशाचा? इस्ट्रोजेनचा, थायरॉइडचा, इन्सुलिनचा, प्रोलॅक्टिनचा? वाढवायचंय की कमी करायचंय? पाळी अनियमित करणाऱ्या पीसीओएसच्या वीस वर्षांच्या मुलीला आणि पन्नाशीच्या बाईला एकच डबा कसा चालेल? पाळीच्या एका महिन्यात इस्ट्रोजेन कित्येक पट चढतं आणि उतरतं, आणि ते तसंच व्हायला हवं.

रावपुरा वहिनी
जाऊबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्यावर का घसरलात? मी 47 ची. रात्री दोन-दोनदा गाऊन बदलायचे, पंखा पाचावर, नवरा गोधडीत आणि मी घामाने ओली. डॉक्टरीणबाईंनी तीन मिनिटं दिली. "वय आहे, मन रमवा," आणि झोपेची गोळी. पावडर सुरू केल्यापासून सलग सहा तास झोपते. माझी झोप खोटी आहे का?

पाळी जाताना घामासाठी देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांचं म्हणाल तर माझी आई घेत होती. 2002 मध्ये पेपरात आलं की त्याने स्तनाचा कॅन्सर होतो. तिने त्याच संध्याकाळी पट्टी कचऱ्यात टाकली आणि पुढची चार वर्षं तळमळत काढली. तेव्हा कुठे होते तुमचे डॉक्टर?

निवृत्त क्यूसी
औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात 31 वर्षं काढली म्हणून बोलतो. 2002 चा तो अमेरिकेतला अभ्यास अर्धाच छापून आला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या दहा हजार जणींमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या 8 केसेस जास्त दिसल्या. धोका खरा आहे, पण वहिनींच्या आईला तो कुणी आकड्यात सांगितला नाही. पाळी जाण्याच्या सुमारास, तपासून, योग्य बाईला हे हार्मोन दिलं तर घामावर याच्याइतका उतार दुसऱ्या कशाने पडत नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं.

आता पावडर. डबा उलटा करा, बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची ओळ असेल. अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. यात बायोटिन (केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) घातलंय का तेही बघा. जास्त मात्रेत असेल तर काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खोटा कमी येतो आणि चांगल्या बाईला थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसतो. रक्त देण्याआधी लॅबला सांगा.

मांजलपूरकर
पावडरीवर एवढं रामायण, आणि नवरात्रात काय चालतं? नऊ रात्री गरबा म्हणून पोरी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. मेडिकलवाला पट्टीतून दहा गोळ्या कात्रीने कापून कागदात गुंडाळून देतो, वर नावसुद्धा राहत नाही. चिठ्ठी कोण मागतं? ते हार्मोनच आहे ना?

प्रतापनगरच्या आजी
गरब्याचं सोडा. आमच्याकडे गौरी सोवळ्यात बसतात, त्यासाठी मीही सुनेला घ्यायला सांगितल्या आहेत. तीन दिवसांच्या गोळ्यांनी काय होतंय? आमच्या वेळेपासून चालत आलंय.

मांजलपूरकर
सोवळं तुमचं आणि गोळी सुनेच्या पोटात! तिला विचारलंत का?

प्रतापनगरच्या आजी
माझ्या घरातलं मला शिकवू नका. सून स्वतः घेते, हौसेने. गौरी जेवतात तेव्हा पुरणाचं ताट तीच मांडते.

सयाजीगंज नर्स
आजी, रागावू नका, पण तीन दिवसांत कुठे भागतं? पाळीच्या तीन दिवस आधीपासून, दिवसाला तीन वेळा, आणि कार्य संपेपर्यंत. माझ्या वॉर्डात 29 वर्षांची मुलगी आली होती. आधी घरचं लग्न, मग गौरी, मग गरबा, म्हणून लागोपाठ लांबवत गेली. एका पोटरीला सूज, पाय गरम, लाल. आत रक्ताची गाठ. तिच्या आईलाही पूर्वी गाठ झाली होती, पण मेडिकलवाला ते कशाला विचारतोय? पाळी लांबवायच्या त्या गोळीतल्या नॉरइथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बहुतेकींना काही होत नाही, खरंय. पण घरात गाठीचा इतिहास, वजन, सिगारेट, अर्धशिशी हे विचारल्याशिवाय ती गोळी हातात देऊ नये.

प्रतापनगरच्या आजी
सुनेच्या आईलाही पायात गाठ झाली होती बहुतेक. विचारते तिला. आणि हे लिहितेय म्हणजे मांजलपूरकर बरोबर आहेत असं नाही. त्यांची बोलायची रीत वाईटच आहे.

मांजलपूरकर
रीत वाईट, मान्य. माझ्या बहिणीला न विचारता गोळ्या दिल्या होत्या सासरी, म्हणून आवाज चढतो.

रावपुरा वहिनी
गौरीतून परत माझ्याकडे या. "डॉक्टरकडे पैसे घालवू नका" हे वाक्य काढते, ते चुकलं. पावडर चांगली नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तीन मिनिटांत हाकलून देणाऱ्या डॉक्टरांना कुणीच काही बोललं नाही, हे माझ्या मनात राहणार.

दांडियाबाजारची सून
त्यावर भांडण नाही, वहिनी. घाम फुटतो, झोप जाते, आणि बाईला "मन रमवा" ऐकावं लागतं, हे मलाही सहन होत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जा. पाळी शेवटची कधी, घाम रात्री किती वेळा, घरात कुणाला कॅन्सर किंवा गाठ, हे कागदावर लिहून न्या. 45 नंतर घाम आणि पुढे-मागे होणारी पाळी एवढ्यावरूनच बहुतेकदा कळतं, महागड्या हार्मोन पॅनलची गरज नसते. मात्र पाळी मधेच किंवा फार जास्त आली तर ते वेगळं.

रावपुरा वहिनी
आता तुम्ही विषय काढलाच आहे तर. माझी दहा महिने नव्हती. मग मार्चमध्ये आली ती पंधरा दिवस थांबेना. मीही "बॅलन्स होतंय" असंच समजले.

दांडियाबाजारची सून
उद्या अकराला मी मोकळी आहे. स्कूटर घेऊन तुमच्या दारात येते. डबाही बरोबर घ्या.