फणसाच्या ओंडक्यातली बारकी झुरळं : ओळख पटवायला मदत हवी आहे

मंडळी, आम्ही कोल्हापूरजवळ, पन्हाळ्याच्या पायथ्याला राहतो. परसात फणसाचा एक ओंडका कुजत पडलाय. त्याची सुटलेली साल उचलली तर खाली बारकी झुरळं होती. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, रंग काळपट तांबूस, पाठ फुगीर आणि चकचकीत, पंख अजिबात नाहीत. उजेड पडला तरी पळत नाहीत, सालीला पोट टेकवून गप्प बसतात. फार देखणी आहेत.

घरातलं जर्मन झुरळ नाही, हे नक्की. त्याच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन काळे उभे पट्टे असतात, इथे एकही नाही. स्वयंपाकघरात चिकट सापळा लावून पाहिला, त्यातही काही सापडलं नाही. पेरिस्फेरस नावाच्या रानझुरळांच्या माद्या आणि पिल्लं धोका दिसला की अंगाची गोळी करतात, म्हणून गवताची काडी हलकेच लावून पाहिली. ही गोल होत नाहीत. आता दोन शक्यता उरतात: कुजक्या लाकडात बोगदे करून राहणाऱ्या पॅनेस्थियाची पिल्लं, नाहीतर सालीखाली राहणाऱ्या स्यूडोग्लोमेरिसच्या बिनपंखी माद्या. ओंडक्यात बोगदे मात्र दिसले नाहीत.

माझ्याकडे मोबाइल आणि त्याला लावायची मॅक्रो लेन्स एवढंच आहे. झुरळ मारून तपासायचं नाही, आणि फवारणी कृपया कुणी सुचवू नका. फोटोत नेमका कुठला भाग स्पष्ट यायला हवा, पायांवरचे काटे की पोटाचं शेवटचं टोक? आणि पावसाळ्याआधी ओंडका सावलीत सरकवला तर त्यांचं घर मोडेल का?